वेलावरचे दोडके

कुदळ खणकन वाजली आणि माझ्या कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मातीतून पुन्हा एक फुटकं कौल वर आलं. त्याआधी बाटलीच्या काचा निघाल्या होत्या, एक गंजलेली बिजागरी निघाली होती.

"तिथे काही उगवणार नाही," मागच्या दारातून अण्णा म्हणाले.

मी पदर खोचला. "का?"

"घर बांधलं तेव्हाचा सगळा राडारोडा तिथेच पुरलाय."

एवढं बोलून ते आत गेले. त्या आठवड्यात ते माझ्याशी बोलले त्यातलं सर्वांत लांब वाक्य तेच.

अण्णा म्हणजे माझे सासरे. कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. अमळनेरच्या त्या घरात आम्ही दोघंच उरलो होतो. मी कल्याणची. लग्न होऊन तिथे गेले आणि दहा महिने होताहेत न होताहेत तोच, पौषात, गिरीशची मोटारसायकल चोपड्याच्या रस्त्यावर ट्रकखाली गेली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. सासूबाई मी पाहिल्याच नव्हत्या. गिरीशच्या जन्माच्या वेळीच त्या गेल्या होत्या. त्याला वाढवणारी आत्याही आमच्या लग्नाच्या आधी वारली होती.

दिवस उरकल्यावर माझा दादा मला न्यायला आला होता, पण नेलं नाही. त्याच्या दीड खोलीत आई, वहिनी आणि दोन पोरं. "दिवाळीच्या सुमारास येतो," तो म्हणाला, "तोवर काहीतरी सोय बघतो." अण्णांनी नुसती मान हलवली. त्या मानेचा अर्थ मी लावला तो असा, की दिवाळीपर्यंत सोसतील.

मला असं वाटायला कारण होतं. दहाव्याला आलेल्या एक बाई मोरीशी भांडी घासताना दुसरीला म्हणाल्या होत्या, "पोरीचा पायगुणच म्हणायचा." मी आत तांदूळ निवडत होते. ओसरीवर अण्णा बसले होते. मला ऐकू आलं तर त्यांनाही आलंच असणार. ते काही बोलले नाहीत.

सकाळ कशीतरी जायची. दुपार मात्र जाता जात नसे. समोरच्या खोलीत अण्णा वर्तमानपत्र धरून बसलेले, मागच्या खोलीत मी. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज दोघांच्या मध्ये. एका दुपारी मी माळ्यावरून कुदळ काढली आणि परसात गेले. भाजीपाला लावायचा वगैरे असं काही डोक्यात नव्हतं. काहीतरी जोरात आपटावंसं वाटत होतं, एवढंच. पण खणून झाल्यावर त्या खणलेल्या जमिनीचं काय करायचं, हा प्रश्न उरला.

"वांगी लाव," भिंतीपलीकडून शकूमावशी म्हणाल्या. शेजारच्या शकुंतलाबाई. त्यांचं तोंड दिवसभर चालू असे, पण मनात काही नसे. "वांगी लाव, मिरची लाव, मेथी टाक. पाऊस चांगला आहे. आणि हे घे."

भिंतीवरून त्यांनी कागदाची पुडी दिली. आत चपट्या काळ्या बिया होत्या.

"कसलं बी आहे?"

"वेलाचं. दोडक्याचं असेल नाहीतर गिलक्याचं. दोन्ही एकाच डब्यात ठेवलेलं होतं, कोणतं राहिलं कोण जाणे. लाव तर खरी."

गिलकं म्हणजे आमच्याकडचं घोसाळं. मी पुडी पदरात बांधून आत आले. अण्णा दारातच उभे होते. त्यांनी मला वाट दिली.

आता सांगताना हसू येतं, पण त्या पावसाळ्यात मी ज्या चुका केल्या त्या ठरवूनही करता आल्या नसत्या. कल्याणच्या चाळीत माझं शेतीचं शिक्षण गॅलरीतल्या तुळशीपाशी सुरू होऊन तिथेच संपलं होतं. मेथी मी इतकी दाट पेरली, की वर आली ती मऊ पांढुरक्या दोऱ्यांसारखी, आणि एका जोराच्या सरीत आडवी झाली ती उठलीच नाही. वांग्याची रोपं बाजारकरणीकडून घेतली. शेणखत घालावं असं ऐकलं होतं, म्हणून शेजारच्या गोठ्यातलं ताजं शेण पाटीभर आणून बुंध्याशी थापलं.

"अगं बाई! ते तापतं!" शकूमावशी भिंतीपलीकडून ओरडल्या. "कुजलेलं घालायचं असतं, ताजं नाही!"

मी ते हातांनी उपसून काढलं, पण तोवर दोन दिवस झाले होते. रोपं बुंध्यापाशी काळी पडली आणि एकेक करत मान टाकली. मिरचीची पानं आकसून वाटीसारखी झाली. टोमॅटोचं एक रोप चांगलं गुडघाभर वाढलं, आणि एका सकाळी पाहिलं तर कोणीतरी खालून कुरतडून ठेवलेलं.

राहिले वेलाचे दोन कोंब. त्यांच्यासाठी मी बांबू आणि सुतळी आणून मांडव केला. तो एका बाजूला कलला होता, पण वेल त्यावर चढले. पोळ्यापर्यंत मांडव हिरवागार झाला आणि पिवळी फुलं आली. रोज सकाळी मी चहाचा कप घेऊन बाहेर जायची आणि फुलं मोजायची. फुलं यायची, दोन दिवसांत गळून खाली पडायची. फळ नाही. पंधरा दिवस, तीन आठवडे. नुसती फुलं.

"वांझ फुलं आहेत," शकूमावशी म्हणाल्या आणि मग माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाल्या, "पहिली तशीच येतात गं. आणि नाही आलं फळ तर नाही. एकेकीचा हात असतो, एकेकीचा नसतो. मनाला लावून घेऊ नको."

त्यांनी ते खरोखर समजूत घालायला म्हटलं होतं. मी "हो" म्हटलं. घरात आले. अण्णांना जेवायला वाढलं. वाढताना वरण ताटाबाहेर सांडलं.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही."

"हेमलता."

ते मला कधीच नावाने हाक मारत नसत. मी भांडं खाली ठेवलं.

"माझ्या हाताला काही जगत नाही, अण्णा," मी म्हणाले. "त्या बाई म्हणाल्या ते खरंच आहे."

कोणत्या बाई, काय म्हणाल्या, त्यांनी विचारलं नाही. मग घास न घेताच उठले आणि हात धुऊन आले. मला वाटलं, झालं. आता त्यांनाही पटलं.

त्यानंतर मी मांडवाकडे जाणं सोडलं. पाऊस होता म्हणून वेल जगले. चारपाच दिवसांनी मी सकाळी नळावरून पाणी भरून आले, तर अण्णा परसात उभे होते. डोक्यावर टोपी, पायात वहाणा.

"वेलाकडे बघितलंस का?" ते म्हणाले.

"नाही."

"बघ."

मांडवाखाली, पानांच्या आत, दोन दोडके लोंबत होते. चांगले वीतभर लांब, शिरा उठलेले, ताजे.

मी कळशी कुठे ठेवली मला आठवत नाही. दोन्ही हातांनी मी ते दोडके नुसते धरले. काल-परवापर्यंत इथे काहीच नव्हतं, हे मनात आलं. पण मी चार दिवस फिरकले कुठे होते? पानांआड राहिले असतील. भाजी एका रात्रीत वाढते असंही कुठेतरी ऐकलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला शंका घ्यायचीच नव्हती.

"सुरी आणते," मी म्हणाले.

"तू नको." अण्णा पुढे झाले. "ओलं आहे, पाय घसरेल. मी काढतो." त्यांनी मला स्वयंपाकघरातून सुरी आणायला पाठवलं, आणि मी परत आले तेव्हा दोडके त्यांच्या हातात होते. "सहज निघाले," ते म्हणाले.

त्या दिवशी मी दोडक्याची दाण्याचं कूट घालून भाजी केली, आणि शिरांची चटणी केली. अण्णांनी दोनदा भाजी मागून घेतली.

"बरी झालीय," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. दहा महिने मी त्या घरात सून म्हणून आणि नऊ महिने नुसतीच राहिले होते. माझ्या स्वयंपाकाला त्यांनी कधी बरं किंवा वाईट म्हटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा एक दोडका आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तीन. दर वेळी अण्णाच काढायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला हौस आहे, काढू देत. मी पुन्हा पहाटे उठून वेलांना पाणी द्यायला लागले. आळ्यातलं तण काढलं. जळालेल्या वांग्यांच्या जागी कोथिंबीर टाकली, या वेळी विरळ, आणि ती चक्क उगवली. एक दोडका मी शकूमावशींना नेऊन दिला. त्यांनी तो हातात उलटासुलटा फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि कधी नव्हे ते काही न बोलता पदराखाली घेतला.

दसरा झाला आणि दादाचं पत्र आलं, की येतोय. आला तो शनिवारी दुपारी, डोळे लाल झालेले, गाडीत बसायला जागा मिळाली नव्हती. अण्णांशी दोन शब्द बोलून तो माझ्यामागे स्वयंपाकघरात आला आणि पाटावर बसला.

"हेमा, एक स्थळ आलंय."

मी चहाचं आधण ठेवत होते.

"भिवंडीचे आहेत. कारखान्यात मुकादम. स्वतःच्या दोन खोल्या आहेत. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. दोन मुलं आहेत, त्यांच्याकडे बघायला कोणीतरी हवंय."

"वय?"

"बेचाळीस." तो पाटावर जरा सरकून बसला. "तसे दिसत नाहीत."

मी साखर घातली.

"मला माहितेय तुला काय वाटत असेल," दादा म्हणाला. "पण आपल्याला निवड करायला कितीसा वाव आहे, सांग. तुझ्याबद्दल सगळं सांगितलंय त्यांना. त्यांची काही हरकत नाही."

"कशाची हरकत नाही?"

"म्हणजे... तेच गं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, ते सगळं. लोक बोलतात ना."

दादा वाईट नव्हता. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा त्याचं वय असेल सतरा, तेव्हापासून घर त्याच्याच खांद्यावर. तो बोलत होता आणि सदऱ्याच्या बाहीची उसवलेली शिवण बोटांनी परत परत दाबत होता. मला त्याची कीव आली.

"तू ठरवशील ते," मी म्हणाले.

त्याने सुटकेचा श्वास टाकला. "मग उद्या सकाळच्या एसटीने जळगाव गाठू. तुझं सामान बांधून ठेव." चहा पिऊन तो स्टँडवर वेळ विचारायला गेला.

सामान बांधायला कितीसा वेळ लागणार? एक ट्रंक, एक पिशवी. ते झाल्यावर मी परसात गेले. ऊन उतरलं होतं. म्हटलं, जायच्या आधी वेलांवरची वाळकी पानं तेवढी काढून टाकू, अण्णांना कुठे जमणार. मी मांडवाखाली वाकले, एक मोठं पान बाजूला केलं, आणि तिथे काहीतरी लोंबत होतं.

दोडका नव्हता. गुळगुळीत, फिकट हिरवं, बोटभर जाडीचं, आणि त्याच्या टोकाला सुकलेलं पिवळं फूल अजून चिकटलेलं. मी दुसरं पान बाजूला केलं. तिथे आणखी दोन. वर मांडवाच्या कडेला आणखी दोन, लहान.

"मावशी!" मी हाक मारली. "शकूमावशी, जरा इकडे या!"

त्या भिंतीशी आल्या, टाचा उंचावून बघितलं.

"आलं की गं! गिलकी आली तुझ्या वेलाला!"

"पण हा तर दोडक्याचा वेल आहे."

"छे. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. तुझी सकाळी उघडतात. गिलकंच आहे हे."

"मग इतके दिवस दोडके कसे लागले?"

शकूमावशींनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं ते सदा चालू असलेलं तोंड एकदा उघडलं आणि मिटलं.

"वेडाबाई," त्या शेवटी म्हणाल्या, "एका वेलाला दोन्ही कशी लागतील?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी अण्णांना बाजारात पाहिलं होतं. पहाटे, गाड्या लागताना. जन्मात पहिल्यांदा. एका भाजीवालीला विचारत होते, दोडका लोंबता दिसायला हवा, देठ लांब असलेला दे. मी कोणाला म्हणजे कोणाला बोलले नाही हो, तुझी शपथ."

त्या गेल्यावर मी वेलाची देठं एकेक करून बघितली. दोन ठिकाणी अजून गाठी होत्या. लाल, सुती, अरुंद फीत. कोर्टात कागदांचे गठ्ठे बांधतात तिचे तुकडे. अण्णांच्या कपाटात अशी एक अख्खी गुंडाळी होती.

मी एक गिलकं तोडलं, एक गाठ सोडवून घेतली आणि समोरच्या खोलीत गेले. अण्णा खुर्चीत बसले होते, समोर वर्तमानपत्र. मी ते गिलकं त्यांच्या पुढ्यात धरलं.

"अण्णा, हे काय आहे?"

त्यांनी चष्म्यातून नीट बघितलं. "काकडी?"

"गिलकं."

"हं."

"आपल्या वेलाला लागलंय."

"मग चांगलंच आहे."

मी लाल फितीचा तुकडा वर्तमानपत्रावर ठेवला. त्यांनी तो पाहिला. वर्तमानपत्राची घडी घातली, मग तिची पुन्हा घडी घातली.

"शकू म्हणाली होती ना," ते म्हणाले, "दोडक्याचं असेल नाहीतर गिलक्याचं. दोहोंपैकी एक धरायचं होतं. मी दोडकं धरलं." आणि मग, खाली मान घालून, "निकाल उलटा लागला."

मला हसू फुटलं. पौषानंतर पहिल्यांदाच. हसता हसता मी खाली जमिनीवर बसले आणि ते हसू कधी रडण्यात गेलं ते मला कळलं नाही. अण्णा उठले नाहीत, त्यांनी मला गप्प हो असंही म्हटलं नाही. मी पदराने तोंड पुसेपर्यंत ते थांबले.

"का केलंत असं?"

"तू त्या दिवशी म्हणालीस. हाताबद्दल."

"मग?"

ते खिडकीबाहेर बघत बोलायला लागले.

"गिरीशची आई त्याच्या जन्माच्या वेळी गेली. बायका घरी यायच्या, त्याच्या देखत बोलायच्या. आईला खाऊन जन्मला, म्हणायच्या. मी ऐकायचो. मनात म्हणायचो, बायकांच्या तोंडाला कोण लागणार? पोर लहान आहे, त्याला काय कळतंय. सहा-सात वर्षांचा असेल. इथेच बसून पाढे म्हणत होता. मधेच थांबला आणि मला विचारलं, अण्णा, मी आईला खाल्लं का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, पाढे म्हण."

घड्याळाचा आवाज येत होता.

"त्याने म्हटले. पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं, विसरला." ते माझ्याकडे वळले. "तुला कधी काही बोलला होता?"

सांगू की नको, असं झालं. पण त्यांनी विचारलं होतं, आणि त्या घरात एकूण विचारलंच फार कमी जात होतं.

"त्याच्या वाढदिवसाला मी शिरा केला होता," मी म्हणाले. "त्याने खाल्ला नाही. म्हणाला, आजचा दिवस आईचा असतो, आज गोड नको."

अण्णांनी डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"तू ते वाक्य बोललीस," ते म्हणाले, "आणि मला ते पाढे ऐकू यायला लागले. म्हटलं, या वेळी गप्प बसायचं नाही. पण बोलायला तोंड उघडेना. सवयच नाही. म्हणून बाजारात गेलो."

"आता बोला ना, अण्णा," मी म्हणाले.

ते खुर्चीत सरळ झाले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. कोर्टात उभं राहून काहीतरी वाचून दाखवावं तसं ते बोलले, एकेक शब्द सुटा करून.

"तुझ्या हाताने काही मेलेलं नाही. गिरीश ट्रकखाली गेला. त्या ड्रायव्हरला डुलकी लागली होती. तसं त्याने स्वतः कबूल केलंय. तुझा त्याच्याशी काहीही संबंध नाही. तुझा नाही, तुझ्या पायाचा नाही, तुझ्या हाताचा नाही." त्यांनी श्वास घेतला. "दहाव्याच्या दिवशी हे त्या बाईला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. आज तुला सांगतोय."

छातीवर इतके महिने काहीतरी बसून होतं, ते थोडं सरकलं असं वाटलं. उठून परसात गेले आणि वेलावरची उरलेली गिलकी काढून आणली. लहान होती ती राहू दिली.

दादा परत आला तेव्हा मी गिलक्याची भजी तळत होते. "वा," तो म्हणाला, "वास रस्त्यापर्यंत येतोय." मी दोन पानं वाढली. अण्णा येऊन बसले आणि त्यांनी ताटांकडे पाहिलं.

"तुझं कुठे आहे?"

"मी मागून बसते."

"मागून कशाला? तिघांचं एकदम वाढ."

त्या घरात मी पुरुषांच्या पंगतीला कधी बसले नव्हते. तिसरं ताट मांडलं. बसताना दादाशी नजरानजर टाळली.

"सकाळी सातची गाडी आहे," दादा जेवता जेवता म्हणाला. "म्हणजे साडेसहाला निघू. अण्णा, तुम्हाला सांगायचं राहिलं. हेमासाठी एक स्थळ बघितलंय..." आणि त्याने सगळं सांगितलं. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तिचं काय म्हणणं आहे?" त्यांनी विचारलं.

"तिची हरकत नाही."

"ती समोर बसलीय. तिलाच विचारा."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी हातातला घास ताटात ठेवला.

"नको, दादा," मी म्हणाले.

"काय नको?"

"ते स्थळ. मला नकोय."

"दुपारी तर तू..."

"दुपारी मला वाटत होतं, आपल्याला मिळतंय तेच खूप आहे. आता नाही वाटत."

"अगं, पण मी त्यांना शब्द दिलाय. कारण काय सांगू?"

"कारण काही नाही. तिला नको आहे, एवढंच सांग."

दादाने अण्णांकडे पाहिलं. त्यांनी माझी समजूत घालावी असं त्याला वाटलं असावं. अण्णांनी वाटीतली आमटी संपवली आणि म्हणाले, "तिला दुसरं लग्न करायचं झालं तर मी आडवा येणार नाही. उलट उभा राहीन. पण ती अपशकुनी म्हणून या घरातून कोणाच्या पदरात टाकायची नाही. जाईल तेव्हा तिच्या मनाने जाईल." ते उठले आणि हात धुवायला गेले.

सकाळी मी दादाला सोडायला एकटीच स्टँडवर गेले. वाटेत तो दोन पावलं पुढेच चालत होता. गाडी लागली, तो खिडकीशी बसला. मी खाली उभी.

"रागावलास?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. "घाबरलोय. आईलाही घास जात नाही. तू इथे परक्या गावात एकटी, काही झालं तर मी कुठे धावू?" बोलता बोलता त्याने खिडकीच्या गजावर कपाळ टेकलं. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

"आईला सांग, मी उन्हाळ्यात येते. राहीन चार दिवस."

"चारच दिवस?"

"जूनमध्ये कॉलेज सुरू होईल ना."

"कसलं कॉलेज?"

"इथलंच. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलंय." लग्न ठरलं म्हणून ते सोडलं होतं. दादाला ते आठवलं तेव्हा त्याचा चेहरा बदलला. मला मात्र स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं. तोंडातून ते वाक्य बाहेर पडेपर्यंत असलं काही माझ्या मनात होतं हे मलाही माहीत नव्हतं.

पुढे मी ती पदवी घेतली, बी.एड. केलं, त्याच गावात सात वर्षं शिकवलं. लग्नही केलं, तिशीला आलेली असताना, माझ्या पसंतीने. त्या सगळ्याला आता खूप वर्षं लोटली. पण त्या सकाळी यातलं काहीच नव्हतं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी धुळीतून चालत घरी आले.

अण्णा पायरीवर बसले होते.

"गेला?"

"गेला."

"रागावला का?"

"नाही." मी त्यांच्यापाशी उभी राहिले. "अण्णा, इथल्या कॉलेजात प्रवेशाचे अर्ज कधी देतात?"

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, आत गेले, आणि डोक्यावर टोपी घालून, कोटाची बटणं लावत बाहेर आले.

"चौकशी करून येतो."

"आज रविवार आहे, अण्णा," मी म्हणाले. "आणि जूनला अजून खूप वेळ आहे!"

पण ते फाटकाबाहेर पडले होते.